खुंटीवरची चित्रफळी

१

"बाई, तुमची फळी खोटं बोलली."

परभणीतल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत मधली सुट्टी चालली होती. व्हरांड्याच्या पायरीवर एक बाई धापा टाकत उभी होती. जिंतूरकडून येणाऱ्या एसटीत तिला बसायला जागा मिळाली नसावी. लुगड्यावर धूळ, कपाळावर घाम. कावेरीबाईंनी तिला ओळखलं. चारठाण्याच्या दिनकररावांकडे मुंजाजी नावाचा सालगडी होता, त्याची ही बायको धुरपताबाई.

"आधी पाणी प्या. कुठली फळी?"

"अंबिकाताईला तुमी करून दिलेली. चित्रांची. तिच्यावर ताईनं आमच्या ह्यांचं नाव दावलं. म्हनं मुंजाजीनं देव चोरला."

पाणी पिता पिता तिनं सगळं सांगितलं. दिवाळीनंतर दिनकररावांच्या नव्या गोठ्याचा पाया खणायला घेतला. मुंजाजीच्या कुदळीखाली काळ्या दगडाची मूर्ती लागली. वीतभर उंचीचा विष्णू. कुदळीच्या घावानं मूर्तीचा एक हात तुटला होता. दिनकररावांनी ती ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. औरंगाबादहून पुरातत्त्व खात्याचे साहेब बघायला येणार, पेपरात नाव येणार, असं ते गावभर सांगत होते. आणि परवा मूर्ती गेली.

"परवा घरात कोण होतं?"

"समदे कापूस येचायला गेल्ते. ताईची आत्या वालूरला, दिराच्या घरी. घरात ताई अन् तिची वहिनी. वहिनी दुपारच्याला पान्याला गेली अन् तेवढ्यात देव गायब. आमचे हे सकाळी येऊन रांजण भरून गेल्ते. तेच अंगाशी आलं. रोज भरत्यात बाई, वहिनीला दिवस गेल्यापासून! सातवा लागलाय तिला."

"आणि अंबिकाला विचारलं कोणी?"

"तिच्या भावानं. भगवानरावांनी. समद्यांसमोर." धुरपताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या बाजार हाय. जमादार येनार गावात. मालक म्हनले, तवर देव आणून ठिव, न्हाई तर जमादाराच्या हवाली करतो. न्हेलाच न्हाई तर आणायचा कुठून?"



दिनकररावांची मुलगी अंबिका वीस वर्षांची होती. जन्मापासून तिचे हातपाय ताठ, मान डुलती, जीभ ताब्यात नाही. ऐकू मात्र चांगलं येई आणि कळे त्याहून चांगलं. चार वर्षांपूर्वी तिची आत्या पार्वतीबाई तिला या शाळेत घेऊन आली होती. शाळा बहिऱ्या मुलांची, म्हणून प्रवेश मिळाला नाही. पण कावेरीबाईंनी एका फळीवर चौकोन आखून तिला चित्रं काढून दिली होती. एका ओळीत खाणंपिणं, एका ओळीत झोप, घर, ऊन, दुखणं, आणि खालच्या ओळीत घरची माणसं.

त्या खालच्या ओळीत मुंजाजी पहिल्यांदा नव्हताच. अंबिकानं चित्रांवरून दोनदा नजर फिरवली आणि रडायला लागली होती. कोण राहिलं ते कळेपर्यंत संध्याकाळ झाली. तिला बैलगाडीत बसवून शेत दाखवणारा मुंजाजी राहिला होता.

तीच मुलगी त्याला चोर म्हणते?

"थांबा," कावेरीबाई म्हणाल्या, "मी हेडमास्तरांना सांगून येते. तुमच्याबरोबर निघते."

२

स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधाच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या. कोणती आधीची आणि कोणती नंतरची, ते आता सांगता येत नव्हतं. गाडी जिंतूरपर्यंत आली, तिथून दुसरी मिळाली, आणि चारठाण्याच्या जुन्या देवळांची शिखरं दिसायला लागली तेव्हा उन्हं कलायला बराच अवकाश होता.

दिनकरराव ओसरीवर बसले होते. उंच, पांढरा पटका, आवाज मोठा.

"या बाई, बसा. च्या टाका गं! त्या धुरपतीनं आणलं व्हय तुमाला? नवऱ्यासाठी पळायलीय बिचारी. तिचा काय दोष."

धुरपताबाई अंगणातच थांबली.

ओसरीच्या कोपऱ्यात अंबिकाची बाज होती. कावेरीबाईंना पाहताच तिचं सगळं अंग ताठ झालं, हात एकीकडे गेला, मान दुसरीकडे, आणि घशातून मोठा आवाज निघाला. आनंद झाला की तिला असंच व्हायचं. पण आज तो आवाज थांबला नाही. त्याचं रडणं झालं.

"दोन दिस झाले, हेच चाललंय," पार्वतीबाई म्हणाली. ती बाजेजवळ बसून होती. "घास घेईना. दूध तेवढं दोन घोट."

"धसका घेतलाय," दिनकरराव म्हणाले. "डोळ्यांदेखत चोर घरात शिरला. बोलता येईना, वरडता येईना. मुंजाजीचं नाव काढलं की बघा कशी करती."

खरंच होतं. नाव निघताच अंबिकानं मान मागे टाकली आणि किंचाळली.

"तुमच्याशी काही बोलली, आत्याबाई?"

"न्हाई बा. मी काल सकाळी आले वालूरहून. काहीच बोलंना."

कावेरीबाईंनी चित्रफळी शोधली. ती नेहमी बाजेच्या पायाला टेकवलेली असे. आज तिथे नव्हती. अंबिका मात्र एकाच जागी बघत होती. तिच्या नजरेमागोमाग कावेरीबाईंनी वर पाहिलं. ओसरीच्या तुळईखाली, पुरुषाचाही हात जेमतेम पोचेल अशा उंचीवर एक खुंटी होती. तिच्यावर फळी टांगलेली होती, चित्रं भिंतीकडे करून.

३

कावेरीबाईंना विचारपूस करायची सवय होती, पण लहान मुलांची. घाबरलेल्या मुलाला "का केलंस?" असं विचारलं तर ते गप्प बसतं, "कसं केलंस, दाखव बरं" म्हटलं की हातपाय हलवून सगळं सांगतं. त्यांनी मोठ्यांनाही तसंच विचारायचं ठरवलं.

भगवानराव फटफटी पुसत होता. बापासारखाच उंच, पण बोलण्यात घाई.

"मॅडम, मी फळी धरली. एकेका चित्रावर बोट न्यायचं, बरोबर आलं की ती हनुवटी वर करती, हे आत्या करते ते रोज बघतोय मी. विचारलं, देव कुणी नेला? आबा, आत्या, भाऊ, असं करत बोट नेलं. मुंजाजीवर आलं अन् हिनं हनुवटी वर केली. साऱ्यांनी बघितलं. लगेच फळी टाकली अन् गेलो त्याच्या घरी."

"मग? मुंजाजी काय म्हणाला?"

"काय म्हणणार. एक ठेवून दिली मी." तो जरा खाली बघू लागला. "लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरवलंय त्यानं. तोंड दुखलं त्याचं, हात माझा दुखला."

"मूर्ती कुणाला विकत हवी होती का?"

भगवानरावाचं फडकं थांबलं. "आबानं सांगितलं? मानवतचा एक व्यापारी आला होता. मीच आणला होता त्याला. पण आबानं हाकलून दिला. मी नाही नेली, मॅडम. नेली असती तर बहिणीला विचारायला कशाला बसलो असतो?"

भगवानरावाची बायको कमलबाई माजघरात धान्य निवडत होती. पोट पुढे आलेलं, डोळ्यांखाली काळं.

"तुम्ही पाण्याला गेलात तेव्हा अंबिका जागी होती?"

"जागीच. बघत होती. मी म्हनलं, वन्सं, आलेच बारवंवरून."

"आल्यावर मूर्ती नव्हती?"

"लक्ष न्हाई गेलं माझं. सांजच्याला मामंजींनी बघितलं." तिनं सूप बाजूला सारलं. "कावेरीबाई, एक विचारू? अंबिकावन्संना समदं कळतं का हो? म्हनजे बघितलेलं ध्यानात राहतं?"

"राहतं."

कमलबाईनं पुन्हा सूप ओढून घेतलं आणि ती खडे वेचू लागली.

गावाच्या कडेला जुन्या देवळाशेजारी बारव होती, पायऱ्यांची मोठी विहीर. देवळाचे गुरव गोविंदराव वातींसाठी कापूस पिंजत बसले होते. मूर्ती आपल्या देवळात यावी अशी त्यांची इच्छा असणार, असं भगवानराव म्हणाला होता.

"मला?" गोविंदराव हसले. "अहो, फुकट दिली तरी नको. भंगलेली मूर्ती. तिची पूजा करत नसतात, घरात तर ठेवूच नये. पाण्यात सोडून द्यावी, ही रीत आहे. मूर्ती निघाली त्याच दिवशी दिनकररावांना घरी जाऊन सांगितलं. म्हणाले, गोविंदा, जुन्या गोष्टी सांगू नको, साहेब येणार आहेत. लेकीसुनांचं घर आहे म्हटलं, निदान गोठ्यात तरी ठेवा. ऐकलं नाही."

"तुम्ही सांगितलंत तेव्हा घरात कोण होतं?"

"सगळेच होते. सूनबाईंनीच तर च्या दिला."

कावेरीबाई बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. खाली हिरवं पाणी स्थिर होतं. दोन बाया घागरी बुडवत होत्या. कमलबाई परवा इथेच आली होती, भर दुपारी, सातव्या महिन्यात.

घरी भरलेले रांजण असताना?

४

"आपण एक खेळ खेळू," परतल्यावर कावेरीबाई म्हणाल्या. "फळी काढा खाली."

पार्वतीबाई उठली नाही. भगवानरावानं स्टूल आणून फळी काढली. ती डोळ्यांसमोर येताच अंबिका एकदम शांत झाली.

कावेरीबाईंनी स्वयंपाकघरातून काही वस्तू आणल्या आणि टोपलीखाली झाकल्या. टोपलीची एक बाजू उचलून त्या एक वस्तू फक्त अंबिकाला दाखवत. काय दाखवलं ते बाकी कुणालाच दिसत नव्हतं.

"भगवानराव, तिनं काय पाहिलं ते तिच्याकडून काढून घ्या. परवा विचारलंत अगदी तसंच विचारा."

खाण्यापिण्याच्या ओळीत पाणी, भाकरी, दूध, गूळ, चहा, केळं अशी चित्रं होती. भगवानरावाचं बोट त्यांच्यावरून सरसर गेलं. अंबिकाची हनुवटी वर आली.

"चहा!"

कावेरीबाईंनी टोपली उचलली. खाली गुळाचा खडा होता.

दिनकरराव हसले. "बघा! पोरीला कुठं समजतंय? आमीच येडे, तिचं ऐकून बसलो."

"पुन्हा," कावेरीबाई म्हणाल्या.

पुन्हा टोपली, पुन्हा बोट. "गूळ!" टोपलीखाली दुधाची वाटी होती. तिसऱ्यांदा भगवानरावाला दूध मिळालं आणि टोपलीखाली भाकरीचा तुकडा निघाला. आता दिनकरराव हसत नव्हते. भगवानरावानं फळी जवळ ओढली आणि तिन्ही चित्रं पुन्हा पाहिली.

"प्रत्येक वेळी पुढचंच येतंय," तो हळूच म्हणाला. "एक घर पुढं."

"का येतंय?"

"मला काय म्हाईत? ती चुकायलीय."

"ती चुकत नाहीये. चुकली असती तर कधी मागचं आलं असतं, कधी भलतंच. हे बघा." कावेरीबाई अंबिकाजवळ बसल्या. "तुम्ही हात वर करायचा म्हटलं की हात वर होतो. हिचं तसं नाही. हनुवटी उचलायची असं हिनं ठरवलं, की आधी सगळं अंग आवळतं, मग कुठे मान ऐकते. तेवढ्यात तुमचं बोट पुढच्या घरात गेलेलं असतं. हिनं होय म्हटलं ते मागच्या चित्राला. आता प्रत्येक घरावर बोट ठेवून थांबा. ती हलते का, ते बघा. तिचं अंग सैल पडलं, म्हणजे हे नाही, असं समजून मगच पुढे जा."

टोपलीखाली या वेळी केळं होतं. भगवानरावानं बोट ठेवलं, थांबला. पुढे सरकला, थांबला. त्याला ते जड जात होतं. पाय सारखा हलत होता. बोट केळ्यावर आलं, थांबलं, आणि बऱ्याच वेळानं अंबिकाची हनुवटी वर आली. टोपली उचलल्यावर तिनं असा काही आवाज काढला की अंगणातली धुरपताबाईसुद्धा हसली.

भगवानराव मात्र पांढरा पडला. "म्हंजे परवा... मुंजाजी न्हाईच?"

"नाही."

"मी त्याला..." त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं.

दिनकरराव उठून जवळ आले. "मंग मुंजाजीच्या आधीचं घर कुणाचं? आणा ती फळी हिकडं."

भगवानरावाची नजर एकदम माजघराच्या दाराकडे गेली. कावेरीबाईंनी झटकन फळी उलटी करून मांडीवर घेतली.

"दाखवते. पण आधी मला आत्याबाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत."

५

परसात तुळशीजवळ पार्वतीबाई उभी राहिली ती पाठ करूनच.

"आत्याबाई, तुम्ही म्हणालात, अंबिका तुमच्याशी काहीच बोलली नाही."

"व्हय."

"आणि दोन दिवस ती सारखी फळीकडे बघतेय. जिला सांगायची एवढी तळमळ आहे, ती जिच्याशी रोज बोलते तिलाच काही सांगत नाही? मला हे जुळवता येईना. मग वाटलं, ती बोलली असेल; तुम्हीच सांगत नसाल. फळी खुंटीवर तुम्ही टांगलीत ना?"

पार्वतीबाईचे खांदे हलले.

"विचारलं मी तिला, आल्या आल्या. वहिनी म्हनाली. मंग पाणी म्हनाली. मला कळायला काय येळ लागतोय." ती वळली. "कमलची दोन पोटातच गेली, बाई. हे तिसरं. गुरवानं सांगितल्यापासून ती रात रात झोपायची न्हाई. कोनाड्याकडं बघितलं की छातीत धस्स व्हायचं म्हनती. घागरीत घातला देव अन् सोडून आली बारवंत. चोरी न्हाई ती. पर दिनकरचा राग तुमी बघितला न्हाई. साहेबाला काय तोंड दावू म्हनून तिला म्हायेरी धाडील. या दिसांत!"

"आणि मुंजाजी?"

"वाटलं, जमादार चार गोष्टी इचारील अन् सोडून देईल."

"अंबिकाला काय वाटलं असेल?"

कावेरीबाई रागावल्या नव्हत्या. वर्गात एखादं अवघड गणित समजावताना जसा त्यांचा आवाज खाली यायचा, तसा तो आता आला.

"बोलण्याच्या तीन पायऱ्या धरा, आत्याबाई. पहिल्या पायरीवरचं माणूस अंगानं सांगतं. भूक लागली, दुखतंय, नको. ओळखायचं काम समोरच्याचं. दुसऱ्या पायरीवरचं माणूस आपल्या माणसांशी, आपल्या घरातलं बोलतं; पण समोरचा बदलला की खाली येतं. तिसरीवरचं माणूस कुणाशीही, कशाबद्दलही बोलतं. अंबिका तुमच्याजवळ दुसरीवर असते. परवा भगवानरावांच्या घाईनं ती पहिलीवर आली. माणूस तेच, डोकं तेच. दोन दिवस ती किंचाळतेय, घास घेत नाहीये. ते पहिल्या पायरीवरचं बोलणं आहे. सगळे म्हणतात धसका. ती म्हणतेय, तुमचं चुकलं."

"अन् मी तिला खालीच ठिवली," पार्वतीबाई म्हणाली. "तिचा आवाज मीच, अन् मीच खुंटीला टांगला." मग तिनं विचारलं, "तिसरी चढंल ती?"

"माहीत नाही. चढून बघायला कुणी सांगितलंच नाही तिला. आपण विचारतो, ती उत्तर देते. फळीवर 'नाही' म्हणायलासुद्धा चित्र नाही."

"आता काय करायचं? समद्यांसमोर वहिनीचं नाव घ्यायला लावायचं तिला?"

"काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू द्या. तुमच्याकडे कुंकू आहे? आणि थोडं काजळ?"

६

फळीच्या रिकाम्या कडेला काजळानं एक छोटी मूर्ती काढली, एक हात नसलेली. तिच्या शेजारी कुंकवाची मोठी फुली. फुली म्हणजे नाही, हे कावेरीबाईंनी अंबिकाला दोनदा समजावलं. पहिल्या वेळेलाच कळलं होतं असं तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

ओसरीवर दिनकरराव, भगवानराव आणि बोलावून आणलेले गोविंदराव. अंगणात धुरपताबाई. माजघराच्या दाराआड कमलबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"इचारा, देव कुणी नेला," दिनकरराव म्हणाले.

"नाही विचारणार," कावेरीबाई म्हणाल्या. "अंबिका, तुला काय सांगायचंय?"

त्यांनी आधी एकेका ओळीवर बोट ठेवलं. खाण्यापिण्याची ओळ गेली. झोप-घराची गेली. माणसांच्या ओळीवर हनुवटी उचलली गेली. मग एकेक घर. आबा. आत्या. भाऊ. वहिनी. दाराआड कुणीतरी श्वास रोखला. बोट थांबलं होतं, पुरेसं थांबलं होतं. अंबिकाचं अंग सैल पडलं. बोट पुढे गेलं. मुंजाजी.

हनुवटी वर आली.

"बघा! पुन्हा तेच!" दिनकरराव ओरडले.

"तिचं बोलून झालेलं नाही."

अंबिकाचे डोळे फळीच्या कडेला लागले होते. कावेरीबाईंचं बोट तिकडे सरकलं. काजळाच्या मूर्तीवर हनुवटी हलली नाही. मग कुंकवाची फुली. अंबिकाची हनुवटी नुसती वर आली नाही, तिचं सगळं अंग बाजेवरून उचललं गेलं.

"मुंजाजी. नाही," कावेरीबाईंनी मोठ्यानं वाचलं.

अंगणात धुरपताबाईनं हात जोडले.

अंबिका थांबली नाही. पुन्हा बोट फिरलं. मूर्ती. मग वरची ओळ, आणि त्या ओळीतलं पहिलं चित्र.

"मूर्ती. पाणी."

गोविंदरावांनी कपाळाला हात लावला. "बारव! कुणीतरी सोडली पाण्यात. रीतीप्रमाणेच सोडली म्हणायची."

"कुणी?" दिनकररावांचा आवाज चढला. "कुणी सोडली? सांग, पोरी! फिरवा बोट!"

कावेरीबाईंनी अंबिकाकडे पाहिलं आणि माणसांच्या ओळीवरून बोट नेलं. आबा. आत्या. भाऊ. वहिनी. प्रत्येक घरावर त्या थांबल्या, वहिनीवर तर जरा जास्तच. अंबिकानं मान हलवली नाही. तिनं डोळे मिटून घेतले. ओळ संपली.

"तिला सांगायचं नाही," कावेरीबाई म्हणाल्या.

"सांगायचं न्हाई म्हंजे? माझ्या घरात..."

"मी सोडली, मामंजी."

कमलबाई दारात उभी होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. "घागरीत घालून नेली. वन्संनी बघितलं होतं. त्यांना समदं ठावं होतं, अन् आत्ता समद्यांदेखत मला वाचवायल्यात. मला ऱ्हावलं न्हाई. मुंजाजीमामाला धरलं तवाच बोलायला पायजे होतं. जीभच उचलली न्हाई."

दिनकररावांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात पार्वतीबाई मध्ये येऊन उभी राहिली. "दिनकर, आधी मला बोल. मला कालपासून ठावं हाय. अन् तिला म्हायेरी धाडायचं आसंल तर तिच्यासंगं मीबी निघाले. मंग बघ तुझं तू."

"अगं पर साहेबाला काय सांगू मी? पेपरवाला बोलवलाय!"

"सांगा, बारवेत आहे, माणसं उतरवून काढून घ्या," गोविंदराव म्हणाले. "पाण्यात दगड विरघळत नाही."

भगवानराव तोंड फिरवून हसला. दिनकररावांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, मग सुनेकडे, मग तिच्या पोटाकडे. आणि ते खाली बसले.

तेवढ्यात अंबिकानं आवाज केला. रडण्याचा नव्हता, आनंदाचाही नव्हता. छोटा, तोडलेला आवाज. वर्गात हात वर करणाऱ्या मुलासारखा.

"अजून काही सांगायचंय तुला?" कावेरीबाईंनी फळी पुन्हा उचलली. आता कुणी काहीच विचारलेलं नव्हतं.

बोट फिरू लागलं. आबा. मग त्याच ओळीत मुंजाजी. मग मधली ओळ, आणि तिच्यातलं घर.

"आबा. मुंजाजी. घर." कावेरीबाई थांबल्या. "आत्याबाई, तुम्ही सांगा."

"म्हनती," पार्वतीबाई म्हणाली, "आबा, मुंजाजीच्या घरी जा."

"मी?" दिनकरराव म्हणाले. "मी जाऊ सालगड्याच्या घरी? सांगावा धाडतो की."

अंबिका त्यांच्याकडे बघत होती. तिची मान डुलत होती, हात वळत होते, पण नजर हलत नव्हती. दिनकररावांनी पटका सारखा केला, पायात वहाणा घातल्या आणि ते पायऱ्या उतरले. धुरपताबाई त्यांच्यापुढे जवळजवळ पळतच निघाली.

मुंजाजी घराच्या ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ओठ सुजलेला. समोर कोतवाल राखण म्हणून बसवलेला, तो मालकाला बघून उठला. मुंजाजी उठला नाही.

"चल, मुंजाजी," दिनकरराव म्हणाले. "घडलं ते घडलं. देवाचा पत्ता लागला. तुझं नाव निघून गेलं त्यातून. चल घरी."

मुंजाजी जमिनीकडे बघत राहिला.

"बोलवलंय कोनी, मालक? तुमी बोलवलं का?"

ओट्याभोवती शेजारपाजारची माणसं जमली होती. दिनकररावांना 'व्हय, मी बोलवलंय' म्हणता आलं असतं. तसं म्हणायची त्यांना उभ्या जन्माची सवय होती. त्यांनी एकदा जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "अंबिकानं. तिनं सांगितलं म्हणून मी आलो."

"ताईनं? तिनं स्वतः?"

"स्वतः. समद्यांदेखत. कुणी इचारलं नसताना."

मुंजाजीनं गुडघ्यावरची टोपी उचलली, दोनदा झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"मंग येतो," तो म्हणाला.